ब्राइसला जाताय? मग रात्र तिथेच काढा

उन्हाळ्यात अमेरिकेला मुलाकडे किंवा लेकीकडे जाणाऱ्या आईबाबांचं फिरण्याचं वेळापत्रक बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. पूर्वेला न्यूयॉर्क आणि नायगारा, पश्चिमेला लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन. रजा दोन दिवस जास्त मिळाली तर झायन, आणि झायनपर्यंत गेलोच आहोत तर ‘तेवढं ब्राइसही उरकून घेऊ’. हे उरकणं म्हणजे भर बाराला पोचायचं, कठड्यापाशी उभं राहून सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, गाडीतच पुऱ्या आणि लोणचं खायचं आणि तीनच्या आत परतीला लागायचं. युटा राज्यातलं ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यान या पद्धतीने पाहणाऱ्यांनी मला नंतर हमखास सांगितलंय, ‘छान आहे, पण ग्रँड कॅन्यनसमोर लहानच.’ लहान आहेच. जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर. पण त्याची मोजणी ग्रँड कॅन्यनच्या मापाने करायची नसते, आणि दुपारी बारा वाजता तर मुळीच नाही.

ब्राइसची आखणी करताना दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवल्या की बाकीचं आपोआप सुचत जातं. एक, या उद्यानाचं तोंड पूर्वेला आहे. दोन, आपण गाडीतून उतरतो ते थेट माथ्यावर, आणि पाहायचं असतं ते खाली. कधी जायचं, कुठे मुक्काम करायचा, कोणी किती चालायचं, पायांत काय घालायचं, हे सगळं या दोन गोष्टींवरून ठरतं.

आधी जागा समजून घेऊ. नावात कॅन्यन असलं तरी ही दरी नव्हे. ग्रँड कॅन्यन कोलोरॅडो नदीने कापून काढला. ब्राइसमध्ये मधून वाहणारी अशी नदीच नाही. पॉनसॉगंट नावाच्या उंच पठाराची पूर्वेकडची कड पावसाने, बर्फाने आणि पॅरिया नदीकडे धावणाऱ्या ओढ्यांनी कुरतडत आत आत नेली आहे. त्यातून अर्धगोल, नाट्यगृहासारखे खोलगट भाग तयार झाले. त्यांना तिथे ‘अँफिथिएटर’च म्हणतात, आणि त्यातलं सर्वांत मोठं ते ब्राइस अँफिथिएटर. त्यात दाटीवाटीने उभे आहेत खडकांचे हजारो सुळके. नारिंगी, गुलाबी, मध्येच पांढरे, कुठे जांभळट झाक असलेले. या सुळक्यांना ‘हूडू’ म्हणतात. जगात हूडू इतरत्रही आहेत, पण एका जागी एवढे कुठेच नाहीत.

हा खडक सुमारे साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वी सरोवरांच्या आणि पूरमैदानांच्या गाळातून बनला. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, जो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, तो वयाने याच्याहून थोरला. फरक आहे तो कणखरपणात. ब्राइसचा खडक मुख्यतः चुनखडीचा, त्यात मातकट थर. पठार वर उचललं गेलं तेव्हा त्याला उभ्या भेगा पडल्या. या उंचीवर वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस असे असतात की दिवसा बर्फ वितळून पाणी भेगांत शिरतं आणि रात्री तेच पाणी गोठतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पाचरीसारखं खडक फोडतं. त्यातून आधी पातळ भिंती उरतात, मग भिंतींना खिडक्या पडतात, मग खिडक्यांच्या वरची पट्टी ढासळते आणि बाजूचे खांब तेवढे उभे राहतात. वरचा थर डोलोमाइटचा, म्हणजे पाण्याला जरा कमी दाद देणारा असेल, तर तो टोपीसारखा खालच्या मऊ खांबाला सांभाळतो. पावसाचं किंचित आम्ल पाणी कडा गोल करत राहतं. लाल आणि नारिंगी रंग लोहाच्या गंजाचा, जांभळा मँगनीजचा.

एवढं भूगर्भशास्त्र इथे सांगितलं ते उगाच नाही. हे काम अजून चालू आहे. पठाराची कड दर शंभर वर्षांत काही फुटांनी मागे सरकतेच आहे. तुम्ही ज्या काठावर उभे राहून मोबाइल पुढे करता, तो काठ म्हणजे पुढचा हूडू होण्याच्या रांगेतला खडक आहे. बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत आणि काठावरची खडी पायाखालून सरकते. फोटोसाठी दोन पावलं पुढे जायचा मोह होतो, तो आवरा. लहान मुलांचा हात धरा; आणि खरं सांगायचं तर मुलांपेक्षा मेव्हण्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

या भागात पूर्वापार वावरणाऱ्या पायूट लोकांची या सुळक्यांबद्दल एक कथा आहे. इथे पूर्वी राहणारी माणसं वाईट वागू लागली, म्हणून कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी या देवतासमान प्राण्याने त्यांना होती तिथे, होती तशी दगड करून टाकलं. कोणी उभं, कोणी बसलेलं, तोंडाला रंग फासलेलं. कड्यावर पाच मिनिटं शांत उभं राहिलं की ही गोष्ट कशी सुचली असेल हे कोणाला विचारावं लागत नाही. उद्यानाचं नाव मात्र एबेनेझर ब्राइस या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या मॉर्मन वसाहतकाराचं आहे; तो १८७० च्या दशकात खालच्या खोऱ्यात राहायला आला. १९२३ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली आणि १९२८ मध्ये आजच्या नावाने राष्ट्रीय उद्यान.

उजेडाचं गणित

तोंड पूर्वेला आहे, याचा अर्थ सूर्य समोरून उगवतो आणि आपल्या पाठीमागे, पठारापलीकडे मावळतो. सकाळच्या पहिल्या तासात तिरपा उजेड सुळक्यांच्या मधून आत शिरतो, एका नारिंगी भिंतीवर आपटून दुसरीवर पडतो आणि सावलीतला खडकही आतून दिवा लावल्यासारखा उजळतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला की हा सगळा खेळ संपतो आणि फोटोत एक सपाट, फिकट गर्दी उतरते. संध्याकाळी तर पठाराचीच सावली सुळक्यांवर लवकर पडते.

म्हणून नावांवर जाऊ नका. ‘सनसेट पॉइंट’ नावाची जागा आहे, तिथे संध्याकाळी गर्दीही होते, पण तिथून सूर्यास्त दिसत नाही. सूर्य मागच्या पाइनच्या झाडांत बुडतो. समोर दिसतात त्या दूरच्या डोंगरांवर रेंगाळणाऱ्या किरणांच्या छटा. त्या सुंदर असतात, पण आईबाबांना ‘सूर्यास्त दाखवतो’ म्हणून तिथे नेऊन उभं केलंत तर बोलणी बसतील. सूर्योदयासाठी मात्र ब्राइस पॉइंटला तोड नाही. तो सुमारे ८,३०० फुटांवर आहे आणि तिथून सगळं अँफिथिएटर एका नजरेत मावतं. सूर्य जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरात साडेसातनंतर. त्याआधी अर्धा तास तरी पोचा, कारण आकाश रंगायला तेव्हाच सुरुवात होते. जूनमध्येसुद्धा स्वेटर आणि कानटोपी बरोबर असू द्या.

हा सूर्योदय गाठायचा तर मुक्काम जवळच हवा. झायनहून ब्राइस १३५ ते १४० किलोमीटर आहे, गाडीने दोन तास. लास व्हेगासहून सव्वाचारशेच्या आसपास, चार ते साडेचार तास. सॉल्ट लेक सिटीहूनही साधारण तेवढंच. व्हेगासहून निघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. सकाळी आठला निघालात आणि साडेचार तास गाडी चालवलीत तर ब्राइसला दीड वाजलेला असतो, साडेबारा नव्हे. आरक्षणाच्या वेळा चुकतात त्या इथेच.

उद्यानाच्या आत ब्राइस कॅन्यन लॉज आहे. गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड या वास्तुकाराने १९२० च्या दशकात आखलेली ही लाकूड आणि दगडांची वास्तू कड्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. तिथल्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. ती मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर हळहळू नका. प्रवेशद्वाराबाहेर ब्राइस कॅन्यन सिटी नावाचं इवलंसं गाव आहे, तिथे बरीच हॉटेलं आहेत. त्याहून शांत आणि बऱ्याचदा स्वस्त म्हणजे खाली उतरून गेल्यावर लागणारं ट्रॉपिक. गाडीने पंधरा-वीस मिनिटं. पँग्विच आणखी लांब, पण तिथे दुकानं जास्त आणि छोटं इस्पितळही आहे. माझं मत विचाराल तर ट्रॉपिक. ब्राइस कॅन्यन सिटीत फक्त हॉटेलं आणि भेटवस्तूंची दुकानं. ट्रॉपिकमध्ये निदान माणसं राहतात.

दुपारी पोचा, हॉटेलात सामान टाका, पहिली संध्याकाळ कड्यावर सपाटीवरून रमतगमत फिरा, लवकर झोपा आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदय पाहून लगेच खाली उतरा. पूर्ण ब्राइसला एवढी एक रात्र आणि दुसरा दिवस पुरतो.

खाली उतरायचं कसं

उतरायचंच. कड्यावरून दिसतो तो नकाशा. सुळक्यांच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केल्याशिवाय ब्राइस कळत नाही. पण आपल्या लोकांना इथे एक सवय नडते. गडावर जाताना चढ आधी असतो. दमलो तर अर्ध्यातून परत फिरता येतं, आणि उतार शेवटी, म्हणून माणूस निश्चिंत. ब्राइसमध्ये उलटं आहे. सुरुवात उताराने. गार हवा, नवे रंग, पाय आपोआप पुढे पडतात आणि कोणालाच थकवा जाणवत नाही. चढ उरतो शेवटी, तोही ऊन चढल्यावर आणि विरळ हवेत. कड्याची उंची आठ हजार फुटांच्या वर आहे. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरापेक्षा अडीच हजार फूट वर तुम्ही गाडी लावता आणि तिथून खाली जाऊन परत वर येता. रोज सकाळी पर्वती चढणाऱ्यालाही इथे धाप लागते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा आणि निम्मं पाणी चढासाठी राखून ठेवा.

वाट निवडायची तर एकच सुचवेन. सनराइज पॉइंटहून क्वीन्स गार्डनच्या वाटेने उतरायचं आणि नवाहो लूपने सनसेट पॉइंटला वर यायचं. दोन्ही मिळून साडेचार किलोमीटरच्या आसपास, चढउतार सुमारे ६०० फूट. थांबत, फोटो काढत अडीच ते तीन तास. दिशा हीच ठेवा. क्वीन्स गार्डनचा उतार सौम्य आहे, त्यामुळे गुडघ्यांना बेताचा त्रास होतो; नवाहोचा चढ उभा आहे पण आखूड, दमछाक होते ती एकदाच. उद्यानाचे कर्मचारीही हीच दिशा सुचवतात, आणि सगळे एकाच दिशेने चालले की अरुंद वाटेवर धक्काबुक्की होत नाही.

क्वीन्स गार्डनमधली ‘क्वीन’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. एका सुळक्याच्या टोकावरचा खडक तिच्या पुतळ्यासारखा दिसतो म्हणे. बाईंनी इथेही पाठ सोडली नाही! मला त्या राणीपेक्षा वाटेत खडकातून कोरून काढलेले छोटे बोगदे जास्त आवडतात. त्यांतून वाकून पलीकडे गेलं की दर वेळी रंग बदललेला असतो. तळाशी पोचल्यावर पाइन आणि फरची झाडं लागतात, सावली मिळते. इथे बसा, खाऊन घ्या. वरच्या टप्प्यात बसायला जागा मिळेलच असं नाही.

नवाहो लूपला दोन फाटे आहेत. एक ‘वॉल स्ट्रीट’, दोन उंच भिंतींमधली चिंचोळी गल्ली, जिच्या तळातून डग्लस फरची झाडं उजेडाच्या शोधात सरळसोट वर गेली आहेत. दुसरा ‘टू ब्रिजेस’चा, त्याच्याजवळ थॉर्स हॅमर हा बारीक मानेवर जड डोकं पेलून उभा असलेला प्रसिद्ध सुळका आहे. जमलं तर वॉल स्ट्रीटने वर या. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला दरडी कोसळण्याच्या भीतीने ती गल्ली बंद असते, कधी उन्हाळ्यातही दुरुस्तीसाठी बंद करतात. म्हणून उतरण्याआधी व्हिजिटर सेंटरमध्ये किंवा उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणती वाट चालू आहे ते बघूनच निघा. बंदची पाटी ओलांडून जाणारे दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका.

आता पायांतलं. ब्राइसमध्ये सर्वांत जास्त दुखापती होतात त्या घोट्याच्या, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा पादत्राणं. वाट दिसायला रुंद आणि सपाट, पण घट्ट मातीवर बारीक खडी पसरलेली असते आणि तिच्यावरून गुळगुळीत तळ सटकतो. चपला, फ्लोटर किंवा मॉर्निंग वॉकचे झिजलेले बूट घालून उतरू नका. तळाला खोल खाचा असलेले, घोटा धरणारे बूट हवेत, आणि ते अमेरिकेत उतरल्यावर नव्हे तर महिनाभर आधी घेऊन वापरून सैल केलेले असावेत. गुडघे कुरकुरत असतील तर घडीच्या काठ्या घ्या. आई साडीच नेसणार असेल तर कड्यावरच्या वाटेला काही हरकत नाही, पण खाली उतरताना सलवार-कमीज किंवा पँट घालायला तिला राजी करा. वारा कधी कधी चांगला जोराचा असतो.

पाणी माणशी किमान एक लिटर, उन्हाळ्यात दोन. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, अंगावरच सुकून जातो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहा आणि बरोबर खारे दाणे, चिवडा असं काहीतरी असू द्या. डोकं जड वाटलं, मळमळलं, तर ती उंची आहे. थांबा, पाणी प्या, आणि कमी होत नसेल तर कमी उंचीवर जा. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एवढ्या उंचीवर चालण्याबद्दल भारतातून निघतानाच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि प्रवासविम्याच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण इथे नेटवर्क येतं-जातं. ईमेल उघडेलच याचा भरवसा नाही.

ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी

सगळ्यांनी उतरलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या काकूंना अर्ध्या वाटेवर रडकुंडीला आणण्यापेक्षा त्यांना वर छान सकाळ मिळवून द्या. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा कड्यालगतचा अर्ध्या मैलाचा रस्ता फरसबंद आणि जवळजवळ सपाट आहे. चाकाची खुर्चीही जाते, बसायला बाकं आहेत. उतरणारे एका टोकाला उतरतात आणि दुसऱ्या टोकाला वर येतात. वर राहिलेल्यांनी तेवढ्या वेळात तेच अंतर कड्यावरून सावकाश पार करून सनसेट पॉइंटला थांबायचं. कोणी कोणाची खोळंबून वाट पाहत नाही. थोडं जास्त चालू शकणाऱ्यांनी इन्स्पिरेशन पॉइंटपर्यंत जावं, पण त्या तुकड्यात चढ आहे.

साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उद्यानाची शटल बस चालते. प्रवेशशुल्क भरलं की तिला वेगळे पैसे नाहीत. गाडी बाहेर ब्राइस कॅन्यन सिटीत लावून बसने आत या. दहानंतर आतल्या वाहनतळांवर जागा मिळवण्यात जो वेळ आणि जी सुट्टीतली घरगुती शांतता खर्ची पडते, ती वाचेल.

जेवणानंतरची दुपार गाडीच्या रस्त्यासाठी ठेवा. उद्यानातला रस्ता सुमारे २९ किलोमीटर आत रेनबो पॉइंटपर्यंत जातो आणि तिथे संपतो. वाटेत थांबू नका. थेट शेवटपर्यंत जा आणि परतताना एकेक जागा पाहा. सगळे थांबे पूर्वेला आहेत, म्हणजे परतताना ते उजव्या हाताला येतात आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून डावीकडे वळावं लागत नाही. रेनबो पॉइंट ९,११५ फुटांवर आहे. तिथून हूडूंपेक्षा क्षितिज पाहायचं. या सगळ्या प्रदेशाला ‘ग्रँड स्टेअरकेस’, म्हणजे थोरला जिना म्हणतात. ग्रँड कॅन्यन त्याची तळाची पायरी, झायन मधली आणि ब्राइस सर्वांत वरची. तीनही उद्यानं एका सहलीत पाहणार असाल तर खालून वर अशा क्रमाने या. खडकाचं वय उतरत जाताना दिसतं. इथेच मैलभराची ब्रिसलकोन पाइनची फेरी आहे. पिळवटलेली, अर्धी वाळलेली ही झाडं दीड हजार वर्षांहून जुनी असू शकतात. परतताना ‘नॅचरल ब्रिज’ला थांबाच, रस्त्यालगत आहे, दोन मिनिटं लागतात.

केव्हा जावं

मे अखेर ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. आईबाबांच्या व्हिसाचे महिने बहुधा यातच बसतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये दिवसा पंचवीस-सत्तावीस अंश असतं, म्हणजे व्हेगासच्या भट्टीतून आल्यावर स्वर्गच, पण दुपारी वळवासारखे गडगडाटी ढग येतात. कड्यावरची वीज हा इथला खरा धोका आहे. गडगडाट कानावर आला की झाडाखाली किंवा कठड्याला धरून उभं राहू नका, गाडीत किंवा इमारतीत जा. म्हणून त्या महिन्यांत उतरायचं ते सकाळीच.

हिवाळ्यात नारिंगी सुळक्यांवर पांढरं बर्फ म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटतं. गर्दी नसते, हॉटेलं स्वस्त असतात. पण रात्री पारा शून्याच्या खूप खाली जातो, वाटांवर बर्फाची काच होते आणि हिमवर्षावानंतर रेनबो पॉइंटकडचा रस्ता काही काळ बंद ठेवतात. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे गावातल्या दुकानांत मिळतात. त्यांच्याशिवाय उतरू नका. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर हिवाळ्यातलं ब्राइस दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसून पाहा.

पैसे, पोट आणि प्राणी

खासगी गाडीला प्रवेशशुल्क ३५ डॉलर, सात दिवस चालतं. पण पाहुण्यांच्या बाबतीत २०२६ पासून नवा हिशेब आला आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या, सोळा वर्षांच्या पुढच्या माणसाकडे वार्षिक पास नसेल तर ११ राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर आकारले जातात, आणि ब्राइस, झायन, ग्रँड कॅन्यन ही तिन्ही त्या यादीत आहेत. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आईबाबांना दोन-तीन उद्यानं दाखवणार असाल तर घरी बसूनच हा हिशेब करा, पासवर बरोबरची माणसं कशी धरली जातात ते अधिकृत संकेतस्थळावर वाचा, आणि तिथे राहणाऱ्यांनी आपलं अमेरिकेतलं ओळखपत्र जवळ ठेवा. दारावर वाद घालून काही होत नाही, मागे गाड्यांची रांग मात्र लागते.

शाकाहाऱ्यांनी फार आशा बाळगू नये. पिझ्झा, सॅलड, बटाटे, सूप यांवर भागतं. हॉटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते आरक्षण करतानाच विचारा, शीतपेटी भरून घ्या आणि किराणा व्हेगास, सेंट जॉर्ज किंवा सीडर सिटीत उरका. इथल्या छोट्या दुकानांत दही आणि कांदे मिळाले तरी नशीब. थालीपीठ, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या यांना इथे पर्याय नाही. पेट्रोलही बाहेरच भरा. उद्यानात पंप नाही.

तुमच्या चिवड्यावर खारींची आणि चिपमंकांची बारीक नजर असते. ते पायांशी येतात, मागच्या पायांवर उभे राहतात, आणि आजोबांना वाटतं, टाकावा एखादा दाणा. टाकू नका. वन्यप्राण्यांना खायला घालणं इथे गुन्हा आहे, ते चावतात, आणि त्यांच्या पिसवांतून प्लेगसुद्धा पसरू शकतो. गवताळ मैदानात बिळांबाहेर उभे राहून शिट्टीसारखा आवाज करणारे युटा प्रेअरी डॉग दिसतील; ती नष्ट होण्याच्या धोक्यात असलेली जात आहे, लांबूनच पाहा. ड्रोन उडवायला बंदी आहे. दगड खिशात घालायचे नाहीत, दगडांवर दगड रचायचे नाहीत, आणि ‘पिंकी ♥ राहुल’ हे आपल्या गडांवरचं वाङ्मय तिथे कोरायचं नाही.

रात्री लवकर झोपा म्हटलं, तरी त्याआधी अर्धा तास बाहेर या. ब्राइसला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा शोधावी लागत नाही. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलांनी ती बहुधा पाहिलेलीच नसते. विजेरीवर लाल कागद लावा, मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. कड्याच्या टोकाशी मात्र अंधारात जाऊ नका. वाहनतळाजवळची मोकळी जागा पुरते. परत हॉटेलकडे जाताना गाडी हळू चालवा. हरणं रस्त्यावर येतात, आणि एक ओलांडून गेलं की मागे दुसरं असतंच.

निघताना व्हेगासकडे जायचं नसेल आणि एक दिवस हाताशी असेल, तर १२ क्रमांकाच्या राज्य महामार्गाने पूर्वेला कॅपिटल रीफकडे जा; अमेरिकेतल्या देखण्या रस्त्यांत त्याची गणना होते. त्याच रस्त्यावर, ट्रॉपिकच्या अलीकडे, मॉसी केव्हची पायवाट लागते. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर, चढ अगदी थोडा. ती प्रवेशद्वारापासून वेगळी, महामार्गालगत आहे. वाळवंटी प्रदेशात इथे वाहतं पाणी आणि छोटा धबधबा दिसतो तो नैसर्गिक ओढ्याचा नव्हे. १८९० ते १८९२ या काळात मॉर्मन वसाहतकऱ्यांनी सेव्हियर नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याचं पाणी ट्रॉपिकच्या शेतांना मिळावं म्हणून कुदळ-फावड्यांनी पाट खणून पठाराच्या कडेवरून खाली आणला. अजूनही त्याच पाण्यावर शेती होते. वाहनतळ लहान आहे, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा.